मापभर रक्त

"काय बघायलीस?" मी ओरडले. "माझ्या तोंडावर काय तमाशा लागलाय का?"

"काही नाही, आत्या," शैलजा म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. म्हणाली काही नाही, आणि बघतच राहिली.

हीच तिची वाईट खोड. माझी सून बघायची. भांडणारी सून परवडते; तिचे चार शब्द, आपले आठ, जेवायच्या आत मिटून जातं. ही लातूरची, बारावी सायन्स झालेली, तोंड मिटून बघायची. मी पाणी प्यायले की बघायची, जिना उतरले की बघायची. मनात काय शिजतंय ते कधी भांड्याबाहेर यायचं नाही. सात वर्षं मी हे सोसलं. मी चौथी शिकलेली बाई, पण मालक गेल्यावर एका कढईच्या चार कढया केल्या. भूमपासून बार्शीपर्यंत गवराबाई होनरावच्या खव्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. माझ्याकडं असं टक लावून बघायची हिंमत गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

नऊ वर्षं झाली त्या सकाळला. भट्टीवर दुसरा घाणा आटत आला होता. खव्याची शेवटची पाच मिनिटं म्हणजे पोटचं पोर नदीत उतरवल्यासारखी असतात. हात थांबवायचा नाही, नजर हलवायची नाही, नाहीतर बुडाला लागतो. आणि नेमकं तेव्हाच माझ्या उजव्या हातातलं उलथणं सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं नाही. हातानं मला न विचारता सोडलं. उचलायला वाकले तर बोटं दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी लोंबत होती. जाळ घालणाऱ्या बाईला शिवी द्यायला गेले, तर शिवीसुद्धा नीट निघाली नाही. जिभेवर कुणी ओलं पोतं टाकल्यासारखं झालं.

शैलजा पळत आली. दुसऱ्या बाईला हाताशी घेऊन तिनं कढई खाली ओढली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. दहा मिनिटं म्हणा, बारा म्हणा, मी पोत्यावर बसून होते. मग हात आला. जीभ आली. खवा मात्र गेला. तांबूस करडा पडला आणि सगळ्या भट्टीत जळका वास भरला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझा घाणा लागला होता.

"जाळ मोठा केला कुणी?" मी बायांवर तुटून पडले. बायांनी कढई घासायला घेतली. आणि ही बघतच उभी. म्हणून तर मी ओरडले होते.

दुपारी मुलगा आला, मल्लिनाथ. तेव्हा चौतीस वर्षांचा होता. खवा घेऊन बाजारपेठा फिरायचं काम त्याच्याकडं.

"आये, सोमवारी बार्शीला जाऊ. डॉक्टरला दाखवू."

"कुणी सांगितलं?"

"शैलजा म्हणती..."

"म्हणती? तिला बोलता येतं?"

मल्लू हसला. त्याला कशाचंही हसू येतं. बापावर गेलाय.

बार्शीची डॉक्टरीण वांगीकर, चाळिशीची, केस बारीक कापलेले. मी सांगायच्या आत शैलजाच बोलायला लागली. सात वर्षांत एवढं सलग बोललेली मी तिला ऐकली नव्हती. "उजवा हात. दहा वाजून पाच मिनिटांनी सुटला. बोलणं जड झालं. सव्वादहाला त्यांनी स्वतःच्या हातानं पदर खोचला."

मी तिच्याकडं वळून बघितलं. चोराचा माग काढतात तसा हिनं माझ्या हाताचा माग काढला होता.

"मावशी," डॉक्टरीण म्हणाली, "हा छोटा झटका होता. मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताच्या नळीत बारीक गुठळी अडकली आणि सुटली. मोठा झटका यायच्या आधी कधी कधी असा निरोप येतो. घरात कुणाला झाला होता?"

"बाबांना," मल्लू म्हणाला. "पन्नाशी पण गाठली नाही. लकवा."

"जुनं आहे ते," मी म्हणाले. "ते कशाला उकरायचं?"

तिनं डोक्याचा फोटो काढायला लावला, ब्लडप्रेशर तपासून चढलंय म्हणाली, मीठ तोडायला लावलं, दोन प्रकारच्या गोळ्या लिहिल्या. दोन्ही रक्त पातळ ठेवायच्या. आणि रक्त तपासायला सांगितलं; रक्त गोठवणारे घटक अंगात किती आहेत ते बघायचं म्हणाली. मी पदर घट्ट ओढून घेतला.

"आज सोमवार. महादेवाच्या वारी मी अंगातलं रक्त काढू देत नसते."

"मग गुरुवारी लॅबचा माणूस घरी येईल," डॉक्टरीण म्हणाली. तिनं वाद घातला नाही. वाद न घालणाऱ्या बायका माझ्या नशिबातच लिहिलेल्या.

खरं सांगायचं तर मला सुईचं भय नव्हतं. चार बाळंतपणं मी घरात केली, त्यातली तीन पोरं मातीत घातली. सुई काय चीज आहे? मला भय होतं कागदाचं. गवराबाईचं रक्त नासलं असं एकदा कागदावर आलं, की उद्या ही माझ्या हातातलं उलथणं काढून घेणार, परवा भट्टीच्या किल्ल्या, आणि तेरवा मला ओसरीवर बसवून म्हणणार, आत्या, तुम्ही नुसतं बघा. बघणारणीनं मला बघायला बसवायचं. हे मला चालणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी शैलजा दूध मोजून घ्यायला भट्टीवर गेली होती. लॅबचा माणूस आला. टक्कल पडलेला, घाईतला, दर दिवाळीला माझ्याकडनं खवा नेणारा. त्यानं डाव्या हाताला रबर बांधलं आणि टोचलं. काही नाही. उजव्याला टोचलं. काही नाही.

"मावशी, शीर पळायलीय."

"शीर कशाला पळंल? तुझाच हात पळायलाय."

मल्लू शेजारी चहा पीत उभा होता, बाही वर करून, हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी गावातली माणसं कॅन भरून दूध आणतात. सगळा कॅन आम्ही थोडाच तपासतो? वरून मापभर काढायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. मापाचं कळलं की कॅनचं कळलं.

"याचं घे," मी म्हणाले.

"याचं कसं?"

"माझंच आहे ते. नऊ महिने माझ्या पोटात शिजलंय."

"अहो, कागदावर लिहिलंय, स्त्री, वय सत्तावन्न."

"लिहू दे. रक्ताला काय मिशा असतात?"

मल्लूच्या नाकातून चहा आला. "आये, हे काय करायलीस? शैलजाला कळलं तर..."

"तिला कोण सांगणार? तू?"

लॅबवाल्याला अजून तीन घरं गाठायची होती आणि माझी दोन्ही कोपरं त्यानं आधीच निळी केली होती. त्यानं मान खाली घातली आणि मल्लूच्या हाताला रबर बांधलं. निळ्या बुचाची नळी रेघेपर्यंत भरली. किती सुरेख रक्त, मला वाटलं. ताज्या बिटासारखं. धडधाकट पोराचं रक्त. आता येऊ दे कागद, आणि बघू दे हिला काय बघायचंय ते.

कोपरावर चिकटवलेला कापूस मी मल्लूला लगेच काढायला लावला. तो म्हणाला, जरा वेळ दाबून धरायला सांगितलंय. मग बाही खाली ओढून तो तसाच भट्टीवर गेला.

आठ दिवसांनी परत बार्शी. डॉक्टरीण कागद बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"मावशी, राग मानू नका. बिडी ओढता का?"

"मी?" खुर्चीतून उठलेच. "आमच्या सात पिढ्यांत बाईनं बिडी ओढली नाही!"

"तसं नाही. हिमोग्लोबिन साडेसोळा आहे, बाईचं सहसा इतकं नसतं. आणि रक्त गोठवणारे घटक, एक फायब्रिनोजेन आणि दुसरा आठ नंबरचा फॅक्टर, दोन्ही बरेच वाढलेत. बिडीनं असं होतं, म्हणून विचारलं."

मी मल्लूकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता. मी पोराला जन्म दिलाय. तो पंख्याकडं कधी बघतो ते मला माहीत आहे.

"वाढलेत म्हणजे काय?" मी विचारलं.

"जखम झाली की रक्त थांबायला पाहिजे ना? ते थांबवायचं काम यांचं. हे नसले तर माणूस वाहून जाईल. पण जास्त असले की रक्त आतल्या आत, नको तिथं गोठू शकतं. तीच गुठळी मेंदूत गेली की झटका."

"विरजण जास्त पडलंय," मी म्हणाले.

"अगदी तसंच. पण लक्षात ठेवा, हे लक्षण आहे, रोग नाही. सर्दीतापानं पण वाढतं. सहा आठवड्यांनी परत तपासू. कधी कधी हे वारशानं येतं. आईकडून येतं, बापाकडून येतं."

बापाकडून.

मी कॅन एका म्हशीचा समजून माप पुढं केलं होतं. त्या कॅनमध्ये दोन म्हशींचं दूध होतं. आणि दुसरं दूध कसं नासलं ते माझ्याएवढं कुणाला माहीत नव्हतं.

गाडी घराकडं निघाली. शैलजा खिडकीबाहेर बघत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, हे मला त्या दिवशी जास्त लागलं.

घरी पोचल्यावर मी मल्लूला गोठ्यामागं गाठला.

"कधीपासून ओढतोस?"

"ओढतो म्हणजे, बाजारात गेलो की एखादी."

"एखादी का एखादा कट्टा?"

तो पायानं माती उकरायला लागला. मग म्हणाला, "आये, कागदावर नाव तुझं आहे. कागद तुझा. मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"तुझा बाप पण ठणठणीत होता."

"मग चल, सांगू या शैलजाला. सांगू, की आईनं माझं रक्त दिलं."

तिथं माझा पाय अडला. तुम्हाला वाटंल, त्यात काय एवढं? पोराचा जीव मोठा का नाक मोठं? पण मी कोण होते ते ध्यानात घ्या. दुधात तांब्याभर पाणी घातलं म्हणून मी सख्ख्या भाच्याला भट्टीची पायरी चढू दिली नव्हती. सगळ्या गावासमोर त्याचं दूध ओतून दिलं होतं. त्या बाईनं सुनेपुढं जाऊन म्हणायचं, मी भेसळ केली? तेही त्या सुनेपुढं, जी नुसती बघणार?

"मी बघते काय करायचं ते," मी म्हणाले. "तू आधी बिडी टाक. आणि गप्प राहा."

उपाय तर माझ्या डब्यातच होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरनं कुणासाठी दिल्या? ज्याचं रक्त घट्ट त्याच्यासाठी. मग त्या ज्याच्या त्याला गेल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही गोळ्या पोळपाटावर लाटण्यानं चुरायला लागले आणि मल्लूच्या संध्याकाळच्या दुधात वेलदोड्याची पूड घालून द्यायला लागले. गोळ्या जेवढ्या आणल्या तेवढ्याच. त्याला दिल्या तर मला उरत नव्हत्या, आणि जास्तीच्या मागवल्या तर शैलजाला कळलं असतं. मी माझ्या बंद केल्या. गोळ्यांची पाकिटं भट्टीवरच्या वेलदोड्याच्या डब्यात लपवली. माझा हात सुटून परत आला होता. त्याचा अजून सुटायचा होता. सौदा मला सरळ वाटला.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या हातात कप दिसला की माझं लक्ष बोटांकडं. तो जांभई द्यायला लागला की मी तोंडाकडं बघायची, वाकडं होतंय का. त्याला हाक मारून उगीच काहीतरी बोलायला लावायची, शब्द ओढतो का बघायला.

"आये, आज तिसऱ्यांदा विचारलंस, जेवलास का म्हणून."

"मग तिसऱ्यांदा सांग."

एकदा माझ्याच लक्षात आलं की मी दाराआडून त्याच्याकडं बघतेय, आणि समोरच्या दाराआडून शैलजापण त्याच्याकडंच बघतेय. आमची नजरानजर झाली. दोघी आपापल्या कामाला लागलो.

त्यात लसणाचं निघालं. मल्लूच्या तोंडाला लसणाचा भपकारा यायला लागला. माझ्या भट्टीचा नियम म्हणजे देवळाचा नियम. खवा आटताना लसूण नाही, कांदा नाही, वासाचं तेलसुद्धा नाही. खवा वास असा ओढतो की पेढा खाणाऱ्याला तुमच्या सकाळच्या भाजीचं नाव सांगता येईल. बायांना मी तोंडाचा वास घेऊन आत सोडते.

"हे कोण खाऊ घालायलंय तुला?"

मल्लूनं शैलजाकडं बघितलं.

"कच्च्या चार पाकळ्या, उपाशीपोटी," शैलजा म्हणाली. "चांगला असतो."

"कशाला चांगला?"

"रक्ताला."

"त्याच्या रक्ताला काय झालंय?" माझा आवाज चढला.

हातातली दुधाची गाळणी तिनं पालथी केली, झटकली, खुंटीला लावली. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

आत्ता कळतं, दार उघडून ठेवलं होतं तिनं. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. पण मला वाटलं, ही मला पकडायलीय.

"सांगायचं तुला असतं," मी म्हणाले. "दिवसभर बघत तूच असतेस."

तिनं ओठ मिटले. मी पण.

बाराव्या दिवशी सकाळी मल्लू खव्याचा पत्र्याचा डबा उघडत होता. झाकण घट्ट बसलेलं. त्यानं ओढलं आणि पत्र्याची धार तळहातावरून चिरत गेली. तसं मोठं काही नव्हतं. भट्टीवर असं रोज कुणाला तरी होतं. हळद दाबायची, चिंधी बांधायची, पुढचा घाणा लावायचा. मी हळद दाबली. हळद वाहून गेली. शैलजानं ओढणी गुंडाळली, ती भिजली. पंचा गुंडाळला, तोही लाल. हात उंच धरून ती दाबत होती आणि रक्त तिच्या कोपरावरून थेंब थेंब भट्टीच्या दगडावर पडत होतं. मल्लू पांढरा पडत चालला.

"थांबंना का गं हे?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याला हसू आलं नव्हतं.

आणि मी जागच्या जागी उभी. याचं रक्त तर घट्ट. याचं विरजण जास्त. मग थांबत का नाही? का नाही ते घरात एकटीला माहीत होतं. तिनंच रोज लाटण्यानं चुरलं होतं.

"लसणानं एवढं होत नाही," शैलजा स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मान वर केली. "आत्या. ह्यांना काय दिलंत तुम्ही?"

या वेळी मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. गेलं खड्ड्यात नाक. मी तोंड उघडलं, म्हणायचं होतं, गोळ्या, माझ्या गोळ्या दिल्या. तोंडातून निघालं ते बाळाच्या बोबड्यासारखं काहीतरी. पुन्हा म्हणायला गेले. गो गो करत राहिले. उजवा हात खांद्यापासून ओल्या पिशवीसारखा लोंबला आणि उजवा पाय खालून कुणी काढून नेला. भिंत धरली तेव्हा कळलं, आता नुसता निरोप नाही, पाहुणाच आलाय.

शब्द गेले होते, पण डोकं लख्ख होतं. सगळ्यात वाईट तेच. एवढी वर्षं या जिभेनं गाव हाणलं, आणि जो एक शब्द पोराच्या जिवाचा होता तो तिला उचलेना. मी डाव्या हातानं फळीवरचा वेलदोड्याचा डबा ओढला आणि शैलजाच्या पायाशी फेकला. डबा उघडला. वेलदोडे पसरले आणि त्यांत रिकामी पाकिटं.

तिनं पाकिटं बघितली. त्याच्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"नऊ चाळीस," ती म्हणाली. आणि मग ती अशी ओरडली की चारी कढयांवरचे हात थांबले. "टेम्पोतले कॅन उतरवा! उतरवा म्हणते ना! दूध सांडू दे, मरू दे ते दूध!"

माझं दूध मरू दे म्हणणारी ती पहिली बाई. टेम्पोही तिनंच चालवला. तिला चालवता येतो हे मला माहीत नव्हतं. मल्लूनं कधी शिकवला देव जाणे. त्या घरात मला न सांगता बरंच काही चालायचं. मल्लू मधे बसला होता, पंचा गच्च दाबलेला हात डोक्यावर धरून, आणि माझं डोकं त्याच्या खांद्यावर. त्याच्या शर्टाला लसणाचा, खव्याचा आणि रक्ताचा वास येत होता. वाटेत मी जीभ हलवून बघत राहिले. हलत होती. बोलत नव्हती.

बार्शीत तिनं डॉक्टरला वेळ सांगितली, नऊ चाळीस. गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या, किती दिवस, कुणाच्या गेल्या नाहीत, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. वेळ पक्की माहीत नसती तर देता आलं नसतं, असं डॉक्टरीण नंतर म्हणाली. झटक्यानंतर काही तासच ते चालतं, आणि किती वाजता पडलात हे बहुतेक घरांत कुणाला सांगता येत नाही. मल्लूच्या हाताला सात टाके पडले. गोळ्या बंद झाल्या आणि त्याचं रक्त आपोआप ठिकाणावर आलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. पुढं दीड महिन्यानं माझं स्वतःचं रक्त तपासलं. त्यात ते घटक बेताचेच निघाले. माझा दोष चढलेल्या ब्लडप्रेशरचा होता आणि पोराला चोरून दिलेल्या गोळ्यांचा. मल्लूनं बिडी टाकली तसे त्याचे घटकही खाली आले. पुरते नाहीत, पण आले. दरवर्षी तपासतो. ज्याचं विरजण जास्त तो आजही बाजारपेठा फिरतोय. जिचं बेताचं ती पडली. रक्ताचं शास्त्र खव्यासारखं सोपं नाही.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. दवाखान्यात सकाळी शैलजा मला चमच्यानं तांदळाची पेज भरवत होती. तोपर्यंत माझ्या तोंडून हूं आणि हां एवढंच निघायचं. उजवी बोटं मात्र हलायला लागली होती. ती पेज फुंकत होती आणि चमच्याकडं बघत बोलत होती, माझ्याकडं नाही.

"मला त्या गुरुवारीच कळलं होतं, आत्या. ह्यांच्या शर्टाच्या बाहीवर आतून रक्ताचा ठिपका होता. कापूस लवकर काढला की पडतो. रिपोर्टमधे हिमोग्लोबिन ऐकलं आणि खात्री पटली. शनिवारी बाजाराच्या निमित्तानं ह्यांना इथं घेऊन आले. डॉक्टर म्हणाल्या, ह्यांना गोळी नको, झटका आलेला नाही. बिडी सोडा, परत तपासू. लसूण मी माझ्या मनानं द्यायची. आणि डॉक्टर म्हणाल्या, सासूबाईंना लवकर आणा, त्यांचं रक्त तपासायचं राहिलंय."

चमचा माझ्या ओठाला लागला. मी गिळलं.

"मी थांबले. मला वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल. मी पकडलं असतं तर तुम्ही परत कधी हात पुढं केला नसता. म्हणून गप्प बसले." तिनं पेज पुन्हा फुंकली. "गोळ्या दुधात देत असाल असं डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, निदान तुमच्या तुम्ही घेताय."

ती रडली नाही. पेज ढवळत बसली. एकाच दिशेनं, बुडापासून, हात न थांबवता. मीच शिकवलं होतं.

मला मालक आठवले. ते जायच्या पंधरा दिवस आधीची सकाळ. भट्टीच्या पायरीवर बसून चहा पीत होते आणि बशी हातातून निसटली. उचलायला गेले तर बोटं चालली नाहीत. मी समोरच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मी पण हसले, खापऱ्या गोळा केल्या, फडकं मारलं आणि कढईवर गेले. मी सगळं बघितलं होतं. कुणाला बोलले नाही, त्यांनाही नाही. हे मी त्या दिवसापर्यंत मल्लूला सांगितलं नव्हतं, देवाला सांगितलं नव्हतं.

मी डाव्या हातानं शैलजाचं मनगट धरलं. चमचा थांबला. तोंडात शब्द गोळा करायला वेळ लागला. एकेक विहिरीतून ओढावा तसा ओढला. उजव्या बाजूनं लाळ गळत होती, ती तिनं पुसली, आणि मी तिला पुसू दिली.

"शैले," मी म्हणाले. "तुझं बघणं... चांगलं. बघून गप्प बसणं... पाप. मी केलंय ते. तुझ्या सासऱ्याला... त्यात घालवलं. एका घरात एकीनं केलं... बस झालं." श्वास घेतला. ती माझ्याकडं बघत होती, तशीच, डोळे न हलवता. "आता बघितलंस की बोलायचं. मी शिव्या देईन. तरी बोलायचं. माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायचं."